रुमाल टाकलेली जागा

पंधरा दिवस झाले, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नाही. पंचायत समितीचा आमचा गण महिलांसाठी राखीव झाला. मामेभाऊ आठ वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होता, म्हणून मग कार्यकर्त्यांनीच परस्पर ठरवलं की ‘वहिनींना’ उभं करायचं. बॅनरही लागले. त्यावर वहिनींचा फोटो पासपोर्टएवढा आणि तो स्वतः हात जोडून पूर्ण उभा. पुण्याच्या मावसबहिणीनं लिहिलं, “एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसा प्रकार आहे हा.” त्यावर मामा ग्रुप सोडून गेले, त्यांना परत आणायला दोन दिवस लागले.

मी क्वालालंपूरमध्ये बसून हे वाचत होते. मावसबहिणीचं चुकलं, असं मला म्हणवेना. पण रुमालाचं ऐकलं आणि इथल्या एका बाई आठवल्या. त्यांनाही वीस-पंचवीस वर्षं हेच ऐकावं लागलं.

डॉ. वान अझीझा वान इस्माईल. इथे सगळे त्यांना ‘काक वान’ म्हणतात. मराठी कानाला आधी कावळाच आठवतो, पण मलय भाषेत काक म्हणजे ताई. आपल्याकडे २०२४ला बारामतीत लढत झाली तेव्हा एकीकडे सुप्रियाताई होत्या आणि दुसरीकडे सुनेत्रावहिनी. ताई ही कुणाची तरी लेक, वहिनी ही कुणाची तरी बायको. मूळ पवार कोण आणि बाहेरून आलेले पवार कोण, हा वाद तिथूनच पेटला. वान अझीझा राजकारणात आल्या त्या निव्वळ बायको म्हणून, पण लोकांनी त्यांना ताई केलं.

त्यांचा जन्म १९५२चा, सिंगापुरातला. डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये शिकून त्या डॉक्टर झाल्या, पुढे नेत्रतज्ज्ञ. चौदा वर्षं सरकारी नोकरी केली. नवरा, अन्वर इब्राहिम, १९९३मध्ये मलेशियाचा उपपंतप्रधान झाला आणि बाईंनी नोकरी सोडली. इथपर्यंत गोष्ट आपल्या ओळखीचीच आहे. मीसुद्धा कराडच्या एका बँकेतली अकरा वर्षांची नोकरी सोडून नवऱ्यामागे इथे आले. माझ्या इथल्या राहण्याच्या पासवर इंग्रजीत ‘डिपेंडंट’ असं छापलेलं आहे, रोज वाचायची सोय आहे.

पुढचं मात्र ओळखीचं नाही. सप्टेंबर १९९८मध्ये पंतप्रधान महाथीर यांनी अन्वरना पदावरून काढलं आणि तीन आठवड्यांच्या आत ते अटकेत गेले. (महाथीरही डॉक्टरच, अलोर सेतारला त्यांचा दवाखाना होता.) कोठडीत खुद्द पोलिसप्रमुखानं अन्वरना मारलं. ते कोर्टात आले तेव्हा एक डोळा काळानिळा होऊन सुजला होता. तो फोटो जगभर गेला. नवऱ्यानं स्वतःच करून घेतलं असेल, असंही सत्तेतून सुचवलं गेलं. ऐकणारी बायको डोळ्यांची डॉक्टर होती! पोलिसप्रमुखाला पुढे दोन महिन्यांची शिक्षा झाली. बाईंनी एप्रिल १९९९मध्ये पक्ष काढला, कअदिलान, म्हणजे न्याय. त्याच्या निशाणीतला आकार त्या सुजलेल्या डोळ्याचा आहे, असं इथे लोक सांगतात. घरात सहा मुलं होती आणि नवऱ्याला अटक झाली तेव्हा थोरली नूरुल इज्जा अठरा वर्षांचीही नव्हती.

त्यानंतर रुमालाचा आरोप सुरू झाला आणि तो अगदी बिनबुडाचा नव्हता. नवऱ्याच्या पेनांगमधल्या पर्माटांग पाउ मतदारसंघातून त्या १९९९ला निवडून आल्या. २००८ला पक्षाचे ३१ खासदार झाले आणि त्या देशातल्या पहिल्या महिला विरोधी पक्षनेत्या झाल्या. पाच महिन्यांत राजीनामा दिला, कारण नवरा आता उभा राहू शकत होता. २०१४मध्ये सलांगोर राज्याचं मुख्यमंत्रिपद मिळवायला अन्वर कजांगमधून उभे राहणार होते, तेवढ्यात कोर्टानं त्यांना दोषी ठरवलं आणि त्यांच्या जागी पुन्हा बाई. मुख्यमंत्रिपदासाठी पक्षानं त्यांचं नाव दिलं, सुलतानांनी दुसऱ्यालाच नेमलं. २०१५ला अन्वर तुरुंगात, पर्माटांग पाउची पोटनिवडणूक, पुन्हा बाई. यादी वाचताना मलाही दम लागतो. इथल्या टीकाकारांचं म्हणणं हेच होतं की बाई खुर्ची गरम ठेवतात.

पण या यादीत २००४ही आहे. त्या वर्षी पक्षाचा धुव्वा उडाला, सगळ्या देशात एकच खासदार उरला. त्या म्हणजे वान अझीझा, फेरमोजणीनंतर ५९० मतांनी. नवरा तुरुंगात, सोबतचे पांगलेले, संसदेत पक्षाचा दुसरा माणूस नाही. रुमाल एवढ्या वाऱ्यात केव्हाच उडून गेला असता.

माझी इथली डॉक्टर मलेशियन आहे, पण शिकली बेळगावला. इथल्या सायन्स युनिव्हर्सिटीचा आणि बेळगावच्या केएलई या शिक्षणसंस्थेचा मिळून एक अभ्यासक्रम तिथे चालतो, त्यातली. वॉर्डात पेशंटांशी बोलून बोलून ती मराठी शिकली, मला अजून “कुटं दुकतंय?” असं विचारते आणि माझं निम्मं दुखणं तिथेच जातं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती दुसऱ्याच्या दवाखान्यात लोकम करते. मूळ डॉक्टर नसले की त्यांच्या खुर्चीत तासांवर येऊन बसणारा डॉक्टर, तो लोकम. मी तिला काक वानबद्दल विचारलं. ती म्हणाली, “लोकमला आलेला पेशंट दुसऱ्याचा असतो, पण चिठ्ठीवर शिक्का माझा. चुकलं तर कौन्सिल मला बोलावणार, त्यांना नाही.”

तेव्हापासून मी त्या बाईंकडे याच हिशेबानं बघते. खुर्ची कुणाची होती ते सोडा, शिक्का कशावर मारला?

मे २०१८मध्ये साठ वर्षांची सत्ता उलटली. ज्या महाथीरनी नवऱ्याला आत टाकलं होतं, त्यांच्याच नेतृत्वाखाली बाईंचा पक्ष लढला होता. राजांनी पंतप्रधानपद आधी वान अझीझांना देऊ केलं. त्यांनी नाही म्हटलं, आघाडीत महाथीरांचं नाव ठरलेलं आहे म्हणून. हे त्यांनीच नंतर सांगितलं. आपल्याकडे दिलेला शब्द आणि न दिलेला शब्द यावर सरकारं पडतात, म्हणून मला ही गोष्ट मोठी वाटते. माझी मलय शेजारीण मात्र अजून चिडते. बाई हो म्हणाल्या असत्या तर देशाला पहिली महिला पंतप्रधान मिळाली असती, असं तिचं म्हणणं. त्या उपपंतप्रधान झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला, आणि महिला, कुटुंब व समाजविकास खात्याच्या मंत्री.

मंत्री म्हणून पहिल्याच काही महिन्यांत त्यांच्यासमोर जे प्रकरण आलं त्यात त्या कमी पडल्या, असं माझं मत आहे. केलांतान राज्यातल्या ४१ वर्षांच्या, आधीच दोन बायका असलेल्या माणसानं थायलंडात जाऊन ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. मुलगी थाई, बाप रबराच्या मळ्यात राबणारा. देश खवळला. लोकांना मंत्र्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं आणि त्यांना मिळाली ती चौकशी चालू आहे, कायदा पाहावा लागेल, अशा सुराची उत्तरं. त्या माणसाला शिक्षा झाली ती परवानगीशिवाय आणखी एक लग्न केल्याबद्दल दंडाची. मुसलमानांचे विवाह हा इथे राज्यांचा विषय आहे, सोळा वर्षांखालच्या मुलीचं लग्न शरियत कोर्टाच्या परवानगीनं होऊ शकतं आणि केंद्रातल्या मंत्र्याचे हात खरोखर बांधलेले असतात, हे सगळं मला मान्य आहे. पण अकरा वर्षांच्या शरीराचं काय होतं, हे डॉक्टरला कायद्याच्या पुस्तकात शोधावं लागत नाही. जानेवारी २०२०मध्ये बालविवाह रोखण्याचा राष्ट्रीय आराखडा त्यांच्या खात्यानं आणला. पुढच्याच महिन्यात सरकार पडलं. (आपल्याकडे कायद्यात अठरा स्पष्ट लिहिलं आहे आणि तरी ऊसतोडीला जाण्याआधी मुली उजवल्या जातात. तेव्हा मी फार आवाज चढवत नाही.)

दुसरा शिक्का मला आवडलेला आहे. ‘लाडकी बहीण’ आली तेव्हा घरच्या ग्रुपवर महिना दीड हजारांवरून अशीच जुंपली होती. इथे २०१८च्या ऑगस्टमध्ये गरीब कुटुंबांच्या सरकारी यादीतल्या गृहिणींसाठी योजना आली. बाईनं स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीत महिन्याला पाच रिंगिट टाकायचे, सरकार चाळीस घालणार. रक्कम क्षुल्लक आहे, त्यात कुणाचं म्हातारपण निघत नाही. पण खातं तिच्या नावाचं. डिपेंडंट छापलेल्या बाईला त्यात काय दिसतं, ते मी इथे लिहीत नाही.

मला त्या बाईंची आरती करायची नाही. अन्वर २०२२मध्ये पंतप्रधान झाले, काक वान बंदर तुन रझाकमधून निवडून आल्या आणि मंत्रिमंडळाबाहेर राहिल्या. मे २०२५मध्ये नूरुल इज्जा पक्षाची उपाध्यक्ष झाली. बाप अध्यक्ष, लेक उपाध्यक्ष, आई संस्थापक. नावात न्याय असलेल्या पक्षाचं हे चित्र पाहून इथले तरुण मतदार जे बोलतात, ते बीडमध्ये किंवा बारामतीत भाषांतर न करता समजेल.

आता आमच्या गणाकडे येते. मामी दहा वर्षांपूर्वी गावची सरपंच होती. ग्रामसभेत मामा बोलायचे, ती पदर सावरून शेजारी बसायची आणि रजिस्टरवर सही करायची. आम्ही भाचरं तिला ‘सहीवाली मामी’ म्हणून हसायचो. एकदा पाण्याच्या टाकीचं बिल आलं. टाकी पहिल्याच पावसाळ्यात पाझरायला लागली होती. मामांनी ठेकेदाराला शब्द दिलेला. मामी स्वतः चालत टाकीपर्यंत गेली, ओली भिंत हातानं चाचपून आली आणि चेकवर सही करत नाही म्हणाली. ग्रामसेवक तीन वेळा घरी येऊन गेला. मामा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत, जेवण वाढलं की नुसतं ताट पुढे ओढायचे. शेवटी ठेकेदारानं टाकी दुरुस्त केली.

हे ग्रुपवर कुणालाच आठवलं नाही, मलाही नाही. काल फोनवर मामीला मी काक वानची सगळी गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली. नवरा जेलमध्ये, सहा मुलं, ५९० मतं, सगळ्याला “हं” म्हणाली. मग तिनं विचारलं, “आणि तिचा डोळ्याचा दवाखाना? तो परत उघडला का गं तिनं?”

“नाही मामी, खासदार आहेत त्या.”

“अगं बाई,” मामी म्हणाली, “एवढं शिकून!” आणि सुनेच्या बॅनरवरचा फोटो मोठा करायला किती खर्च येईल, ते विचारायला लागली.