मांजर हाकलण्याआधी कोथिंबीर नीट धुवा

नाशिकहून कळलेला इंदिरानगरच्या सोसायटीतला वाद डोक्यातून जात नाही. एक सून गरोदर आहे, म्हणून आवारातली मांजरं पकडून लांब सोडायची म्हणे!

गरोदरपणी लागण झाली तर पोटातल्या बाळालाही बाधू शकणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी जंतू मांजरापासून पसरतो, हे खरं. पण लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडेच, आणि तोही विष्ठेतून. ताज्या विष्ठेतले कवचबंद जंतू बाधण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. घरच्या मांजराचा ट्रे दुसऱ्या कुणी रोज साफ केला की भागलं. मातीत मात्र ते महिनोन्‌महिने टिकतात आणि माती घरात येते भाजीबरोबर.

नाशकात गोदावरीच्या गंगाघाटावरून आणलेली कोथिंबिरीची जुडी आपण दोरा न सोडताच नळाखाली धरतो, त्यामुळे देठांच्या बुडाशी चिखल तसाच राहतो. आधी दोरा सोडा, मुळं कापा, काड्या मोठ्या पातेल्यात पाण्यात हलवा. माती बसली की कोथिंबीर वरून उचला. पातेलं उपडं कराल तर तीच माती पुन्हा पानांवर! दोन-तीनदा पाणी बदला, शेवटी नळाखाली धरा. व्हिनेगरनं हे जंतू मरत नाहीत. कच्च्या मांसातूनही लागण होते, म्हणून मटण तुकड्याच्या मध्यापर्यंत शिजवा, आणि त्याची सुरी कांद्याला लावू नका.

मी राहते त्या फ्रान्समधल्या ल्याँमध्ये, या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं (लागण झाल्यावर रक्तात तयार होणारी संरक्षक द्रव्यं) नसलेल्या गरोदर बाईचं रक्त दर महिन्याला तपासतात, म्हणून लागण कधी झाली ते कळतं. आपल्याकडे बरेचदा गर्भपातानंतर एकदाच ‘टॉर्च’ ही टॉक्सोप्लाझ्मासह काही संसर्गांची रक्ततपासणी करतात आणि आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह दिसलं की घर हादरतं. नुसतं आयजीजी म्हणजे बहुधा जुनी लागण, बाळाला त्यापासून सहसा धोका नाही. आयजीएम, म्हणजे लागणीनंतर आधी दिसणारी प्रतिपिंडं, हीही कित्येक महिने रेंगाळतात. तेव्हा ॲव्हिडिटी, म्हणजे आयजीजी जंतूला किती घट्ट चिकटतात याची तपासणी, करा. गरोदरपणाच्या पहिल्या सोळा आठवड्यांत ती जास्त आली, तर लागण गरोदरपणाआधीची. नुसत्या आयजीजीवर स्पायरामायसीन हे प्रतिजैविक सुरू करण्यात अर्थ नाही.

फ्रान्सचं सगळं नाशिकला लागू नाही. इथे अर्धकच्चं मांस आवडीनं खातात. शेजारच्या ब्रिटनमध्ये तर सरसकट तपासणी नाहीच. लांबून बोलणं सोपं, हेही मान्य. पण कच्च्या कोथिंबिरीशिवाय मिसळ ही मिसळच नव्हे, असं मानणाऱ्यांतलीच मी, आजही. म्हणून त्या सुनेला कोथिंबीर सोड म्हणवत नाही. बाहेरच्या मिसळीवरची नको. घरची, तीन पाण्यांतून काढलेली, मूठभर घाल.