सातवी जागा, दरमहा आठ हजार

मोठी गाडी घ्यायचं ठरलंच असेल, तर आधी घरच्यांना विचारू नका. घरची माणसं भलतेच प्रश्न काढतात. चढायला सोपी आहे का? आपल्या बोळात वळेल का? डिझेल किती पिते? असल्या प्रश्नांपायी भल्याभल्यांच्या हातची गाडी गेली आणि दारात साधी, सोयीची, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी गाडी येऊन उभी राहिली. तुम्ही तसं होऊ देऊ नका.

मी तालुक्याच्या गावी लोकांची रिटर्न भरतो. दसरा ते पाडवा या दिवसांत माझ्या टेबलावर फायलींपेक्षा गाड्यांची माहितीपत्रकं जास्त असतात. येणारा खुर्चीत बसतो, गुळगुळीत कागद माझ्यापुढं सरकवतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, "काका, फॅमिलीला पण होईल आन् बिझनेसला पण." या वाक्यातले दोन्ही 'पण' महत्त्वाचे आहेत. घरी विचारलं की गाडी बिझनेससाठी घेतलेली असते. आयकरवाल्यांनी विचारलं की तेव्हाही बिझनेसचीच असते. फॅमिलीची ती फक्त शोरूममध्ये असते.

कोणती घ्यावी, हा प्रश्न आपल्या भागात फारसा उरलेलाच नाही. सात जणांच्या मोठ्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. पण २००९ साली फॉर्च्युनर आली आणि झेडपीच्या तिकिटापासून कारखान्याच्या पॅनेलपर्यंत जेवढ्या म्हणून आकांक्षा होत्या, त्या सगळ्यांना चाकं फुटली. एखादा शहाणा तुम्हाला इनोव्हा सुचवेल. तिच्यातही सातजण बसतात, मागचे दोघंही माणसासारखे बसतात, पैसेही कमी लागतात. ऐकू नका. इनोव्हातून उतरलेल्या माणसाला लोक विचारतात, "साहेब मागनं येतायत का?"

यंत्राची माहिती तोंडपाठ ठेवा, पानटपरीवर लागते. डिझेल इंजिन २७५५ सीसीचं, ऑटोमॅटिक घेतली तर टॉर्क ५०० न्यूटन-मीटर. एवढी ताकद तुम्ही वापरणार बाजार समितीच्या फाटकासमोरच्या स्पीडब्रेकरवर, पण असू दे. टाकी ८० लिटरची. नव्वदच्या भावानं भरली की ७,२०० रुपये. पहिल्या महिन्यात पंपावर काच पूर्ण खाली घेऊन "फुल्ल कर" असं खणखणीत म्हणायचं. तिसऱ्या महिन्यापासून काच दोनच बोटं खाली घेतात आणि "हजाराचं टाक" हे ड्रायव्हरकडून म्हणवून घेतात.

लांबी ४७९५ मिलिमीटर, रुंदी १८५५. म्हणजे जमिनीवर ती साधारण ९६ चौरस फूट जागा धरते. आपला गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा एका गुंठ्यात अशा अकरा गाड्या आरामात उभ्या राहतात. पण व्यवहार उलटा चालतो. शहराला लागून असलेल्या गावांत गुंठा दिला की एक गाडी येते. अकरा गाड्यांची जागा देऊन एक गाडी घेणं, याला आमच्याकडं प्रगती म्हणतात आणि करणाऱ्याला गुंठामंत्री.

आता हिशेब. शोरूमचा भाव ४० लाख धरू. रोड टॅक्स, विमा, बाकीचं सटरफटर मिळून रस्त्यावर येईस्तोवर ४८ लाख. त्यातले १३ तुम्ही टाकले, ३५ बँकेनं दिले. सात वर्षं, नऊ टक्के. हप्ता महिना ५६ हजाराच्या पुढं. आकडा ऐकून घाबरू नका, सातानं भागा. सात जागा आहेत, जागेमागे महिना आठ हजार. आमच्या गावात आठ हजारांत स्टँडजवळ दोन खोल्या मिळतात, संडास-बाथरूम आतच. पण त्या खोल्या लग्नाच्या लॉनवर नेता येत नाहीत.

हा आठ हजारांचा आकडा धरून ठेवा आणि तिसऱ्या रांगेकडं या. या जातीच्या गाड्या शिडीसारख्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. खाली मागचा आस, वर सांगाडा, त्यावर जमीन. त्यामुळं मागं बसणाऱ्याच्या पायाखालची जमीन उंच येते आणि गुडघे छातीशी जातात. पंगतीत मांडी घालायची सवय असलेल्या माणसाला पहिले दहा किलोमीटर काही वाटत नाही. पुढं वाटतं. कुणी बसणार नसेल तेव्हा त्या खुर्च्या दुमडून दोन्ही अंगाला खिडकीशी टांगायच्या, माळ्यावरच्या वळकट्यांसारख्या. दोन वळकट्यांचं भाडं सोळा हजार. मग मोकळ्या झालेल्या जागेत कांद्याची गोणी, दोन छत्र्या आणि गेल्या निवडणुकीतले उरलेले मफलर.

टेस्ट ड्राइव्हला घरच्या म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. त्या दिवशी सोबत फक्त दोन मित्र हवेत. त्यातल्या एकाला गाड्यांतलं काही कळत नसावं आणि दुसऱ्यानं प्रत्येक गोष्टीला "नाद खुळा" म्हणावं. चारही चाकं ओढणारी घ्यावी की मागची दोनच, असं विक्रेता विचारेल. चारची महाग पडते. दोनची घ्या आणि 'फोर बाय फोर'चं स्टिकर बाहेरून लावा. आमच्या एका क्लायंटनं असंच केलं. पावसाळ्यात गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवायला गाडी काळ्या रानात घातली, मागची चाकं जागच्या जागी चिखल घुसळत राहिली. शेवटी शेजारच्या वस्तीवरचा १९ वर्षांचा पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधताना त्यानं ते स्टिकर मोठ्यानं वाचलं. बाकी काही बोलला नाही.

करांचं मात्र मी सांगतो तसं ऐका, इथं माझ्या धंद्याचा प्रश्न आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला. त्याआधी २८ आणि वर २२ सेस, मिळून ५० होता. दहा टक्के वाचतायत म्हणून माझे तिघे क्लायंट त्याच महिन्यात शोरूमला गेले. एरवी त्यांचे शंभर टक्के वाचले असते.

हा जीएसटी धंद्यातून वजा मिळेल का? नाही. ड्रायव्हर धरून तेरा जणांपर्यंतच्या गाडीचं क्रेडिट कायद्यानं अडवून ठेवलंय. गाड्या विकणारे, भाड्यानं माणसं नेणारे, ड्रायव्हिंग शिकवणारे तेवढे सुटतात. चौदा जणांची घेतलीत तर मात्र वाट मोकळी आहे. म्हणून मी प्रत्येकाला मनापासून सांगतो, खरंच बिझनेससाठी हवी असेल तर टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, माणसंही न्या आणि मालही न्या. आजवर एकानंही मान हलवलेली नाही.

कंपनीच्या नावावर घ्या, असंही कुणीतरी सुचवेल. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला स्वतःच्या नावावर १५ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर २०. चाळीस लाखांवर दोन लाखांचा फरक. आरसीवर प्रायव्हेट लिमिटेड छापलेलं बघण्याची ती फी समजा.

घसारा, म्हणजे गाडी झिजते म्हणून धंद्याच्या उत्पन्नातून मिळणारी वजावट, मात्र मिळतो, पंधरा टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा. इथं आपल्या पंचांगाची करामत बघा. २०२५चा पाडवा ३० मार्चला आला, रविवारी. त्या मुहूर्तावर गाडी घेतलेल्याचं आर्थिक वर्ष दुसऱ्या दिवशी संपलं. धंद्याला वापर दोन दिवस. त्यातला पहिला पूजेत गेला, दुसऱ्या दिवशी ईदची सुट्टी. पण साडेसात टक्के घसारा मागायला माणूस हजर. ४८ लाखांवर तीन लाख साठ हजार. "दोन दिवसांत धंद्याचं काय काम केलं?" असं मी विचारलं तर म्हणाला, "ठेकेदाराकडं पेढे दिले की."

आणि उत्पन्न सगळं उसाचं दाखवत असाल, तर शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. घसारा कशातून वजा करायचा? वजा करायला आधी कर लागायला हवा. हे ऐकून समोरचा खरोखर दुखावतो. आपल्याला कर नाही याचं दुःख झालेली माणसं मी तेवढीच पाहिली.

नंबरात कंजुषी करू नका. ०००१ हवा असेल तर २०२४ पासून सरकारी फी पाच लाख आहे, पुण्या-मुंबईत सहा. एवढ्यात धाकट्याला एक साधी गाडी झाली असती, पण तिचा नंबर कोण वाचतो? पूर्वी स्वस्तातला मार्ग होता. इंग्रजी ४१४१ घ्यायचा, पेंटरकडून जरा वाकडा काढून घ्यायचा, की झालं 'दादा'. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला सरकारी ठशाची पाटी लागली आणि दादा पुन्हा चार-एक-चार-एक झाले. लाल दिवा तर १ मे २०१७ला, ऐन महाराष्ट्रदिनी, मंत्र्यांच्याही टपावरून उतरला. उरल्या काळ्या काचा. त्यांच्या फिल्मला सुप्रीम कोर्टानं २०१२ सालीच मनाई केलीय, तरी लावा. लोकांनी बघावं म्हणून ४८ लाख घालायचे आणि कुणाला दिसू नये म्हणून वर दंड भरायचा, यात विसंगती शोधत बसू नका. उन्हाळ्यातही एसी चालू ठेवून एक काच खाली असतेच, तिच्यातून कोपर दिसतं. तेवढं पुरतं.

डिलिव्हरीच्या दिवशी दारात हत्ती आल्यासारखं वागा. पेढे, हार, चाकाखाली लिंबू, पुठ्ठ्याची दोन हात लांब चावी, फोटो. गाडीच्या आधी चौकात फ्लेक्स लागला पाहिजे, 'नवीन वाहन खरेदीबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस मुंडकी, सगळ्यांना गॉगल. त्या चाळिसांपैकी प्रत्येकजण पुढच्या लगीनसराईत एक दिवसासाठी गाडी मागायला येतो. फ्लेक्सचं बिल तेव्हा वसूल होतं.

आता बिझनेस. गाडीनं धंदा वाढतो तो चालवल्यानं नाही, उतरल्यानं. उतरणं शिकून घ्या. गाडी ऑफिसच्या पायरीला आडवी लावायची, इंजिन चालू. दार उघडायचं, पण लगेच खाली यायचं नाही. एक पाय फूटबोर्डवर, फोन कानाला, समोर कुणी नसलं तरी "हां, बोला साहेब". मग शर्टाच्या बाह्या, मग गळ्यातली चेन, मग जमीन. बँकेचा मॅनेजर खिडकीतून बघत असेल तर कर्ज मंजूर झाल्यात जमा. खरं म्हणजे बहुतेक वेळा मॅनेजरला माहीत असतं, कारण या गाडीचं कर्जही त्यानंच दिलेलं असतं.

उलटी बाजू किरकोळ आहे, एका वाक्यात सांगतो: गणपतीची वर्गणी ५०१वरून ११,१११ होते, रंगारी अंगणात नजर टाकूनच चौरस फुटाचा दर सांगतो आणि उधारी मागायला गेलात की देणेकरी म्हणतो, "तुम्हाला काय कमी आहे, दादा?"

आणि फॅमिली राहिलीच. तो पेढेवाला क्लायंट महिनाभरानं घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघाला. आजी ७८ वर्षांची, नऊवारी नेसलेली. एक पाय फूटबोर्डवर ठेवला, वरची मूठ काही हाताला येईना. दोनदा झोक गेला. शेवटी न्हाणीघरातला लाल प्लास्टिकचा स्टूल आणला, त्यावर चढून आजी आत गेली, आणि अंगानं बारीक म्हणून तिला सगळ्यात मागं घातलं. येताना बार्शीत उतरली तर पायाला मुंग्या, पाच मिनिटं दाराला धरून उभी. पुढच्या पौर्णिमेला सगळे गाडीपाशी जमले तर आजी पिशवी घेऊन फाट्याकडं निघालेली. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून यष्टी फुकट आहे. वर खिडकीची जागा मिळते, म्हणाली.

स्टूल मात्र गाडीतच राहिला. पाहुण्यांतलं कुणी ना कुणी म्हातारं माणूस असतंच, लागतो. मोकळा ठेवला तर वळणावर खडखडतो, म्हणून तो सातव्या जागेवर ठेवून पट्टा लावलाय.

न्हाणीघरात म्हणून त्यानं दुसरा स्टूल आणला आणि मार्चअखेरीस बिलांच्या गठ्ठ्यात त्याचीही पावती निघाली, ३४० रुपये. मी विचारलं, "हे कशात धरू? फर्निचर म्हटलं तर घसारा दहा टक्के, गाडीचा भाग म्हटलं तर पंधरा." त्यानं जरा विचार केला.

"गाडीत धरा काका. पावती नव्याची असली तरी जुना गाडीतच असतो. आन् घरगुती वापर काही नाही त्याचा. आजी आता यष्टीनंच जाते."