गळक्या टाकीचे शास्त्रशुद्ध डिझाइन

चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेमुळे पुण्यात ठिकठिकाणी नव्या टाक्या उभ्या राहिल्या, तेव्हा कर्वे रस्त्यावरच्या तुमच्या स्ट्रक्चरल डिझाइनच्या नव्याकोऱ्या कार्यालयातही आज ना उद्या दहा लाख लिटरच्या एखाद्या उंच टाकीचे काम येणारच. ते आले की प्रथम मनावरचे दडपण दूर करा. टाकी म्हणजे खांबांवर उभी असलेली आणि वरच्या मजल्यावर पाणी हा एकच भाडेकरू ठेवलेली इमारत, एवढी व्याख्या कामापुरती पुष्कळ आहे. हा भाडेकरू एक हजार टन वजनाचा असून रोज घर सोडतो आणि रोज परत येतो, या बारकाव्यात शिरण्याचे कारण नाही.

पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामांची आयएस ३३७० ही संहिता कपाटात सहज दिसेल अशी ठेवा, उघडू मात्र नका. तिच्या २००९ सालच्या आवृत्तीत पृष्ठभागावरच्या तड्याची रुंदी ०.२ मिलिमीटरच्या आत ठेवावी अशी अट आहे, आणि ती मनावर घेतली की स्वस्तातले डिझाइन हातचे जाते. समजा टाकी गोल आहे, व्यास १४ मीटर आणि पाण्याची खोली साडेसहा मीटर. तळाशी दर चौरस मीटरला साडेसहा टन दाब येतो. त्याला सात मीटरच्या त्रिज्येने गुणले की भिंतीच्या दर मीटर उंचीला सुमारे ४५ टन हूप टेन्शन, म्हणजे गोल भिंतीला कड्यासारखे ताणणारे बल, निघते. (भिंत तळाच्या स्लॅबशी घट्ट जोडलेली असेल तर तळालगत हा आकडा कमी होतो आणि त्याऐवजी उभ्या दिशेने बेंडिंग मोमेंट, म्हणजे भिंतीला वाकवू पाहणारा जोर, येतो, तो तर हिशेबात धरूच नका, कोणी विचारत नाही.) आता संहितेचे ऐकून सळईतला ताण १३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरवर रोखलात, तर नेहमीच्या इमारतीच्या हिशेबाने लागली असती त्याच्या दुपटीहून अधिक सळई घालावी लागते. कंत्राटदाराच्या चेहऱ्याकडे पाहून बीमचेच गणित लावा. भिंत कोसळणार नाही, ती फक्त पाझरेल. पाझरामुळे सळई गंजायला काही वर्षे लागतात आणि तोवर दोष दायित्वाचा, म्हणजे दोष फुकट दुरुस्त करून देण्याचा, कालावधी सन्मानाने उलटून गेलेला असतो.

एखादे निवृत्त प्राध्यापक इन्ट्झे टाकीचा विषय काढतील. ओटो इन्ट्झे या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात तळाचा घुमट आणि त्याभोवतीचा शंकू अशा खुबीने जुळवला की घुमटाचा बाहेरचा रेटा आणि शंकूचा आतला रेटा खालच्या रिंग बीमवर, म्हणजे गोल तुळईवर, एकमेकांना बहुतांशी छेद देतात. तुम्ही त्याचा आकार तेवढा उचला. घुमट नजरेला बरा वाटेल इतका चपटा करा; त्याने रेटा वाढतो खरा, पण रिंग बीम तक्रार करत नाही, निदान लगेच तरी करत नाही.

स्टेजिंगकडे, म्हणजे टाकी उचलून धरणाऱ्या खालच्या सांगाड्याकडे, वळण्यापूर्वी ‘पुण्यात भूकंप होत नाही’ हे वाक्य पाठ करा. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा धक्का पुण्यातही जाणवला होता आणि आयएस १८९३ या भूकंपविषयक संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे तिसऱ्या भूकंप विभागात आहे, हे दोन्ही तपशील उगाच वातावरण बिघडवतात. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात खांबांऐवजी पातळ शाफ्टवर, म्हणजे काँक्रीटच्या एकाच पोकळ नळकांड्यावर, उभ्या असलेल्या अनेक टाक्यांच्या बुंध्याशी आडवे, वर्तुळाकार तडे गेले, कारण शाफ्टने एकदा हात टेकले की भार घ्यायला दुसरे काहीच उरत नाही. पण ते गुजरातेत झाले. आयएस १८९३ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे टाकीतले काही पाणी भिंतीबरोबर हलते आणि वरचे पाणी स्वतंत्र हेलकावे खाते. तुम्ही सगळेच पाणी गोठले आहे असे समजा, आणि टाकी रिकामी असतानाची तपासणी वगळा. खांब जोडणारे ब्रेस रंगाऱ्याला उभे राहता यावे म्हणून असतात असेही गृहीत धरा. भूकंपाची दिशा उलटली की त्यांच्या टोकांचा मोमेंटही उलटतो, म्हणून तेथे वर-खाली दोन्हीकडे भरपूर सळई आणि दाट रिंगा हव्यात, हे ज्याला ठाऊक असते त्याला निविदा मिळत नाही.

पायासाठी शेजारच्या कामाचा माती-अहवाल घ्या. पुणे म्हणजे काळा खडक, हे सर्वश्रुत आहे. खडकावरची काळी माती नेमक्या आपल्याच खड्ड्यात किती जाड निघेल, ते पोकलेनवाला सांगेलच.

खरी कला साइटवर आहे. भिंतीचे काँक्रीट टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्याच्या सांध्यावर पाणी वाट शोधत असते, म्हणून आधीच्या टप्प्याचा माथा खरवडून, धुऊन घेण्याचा आग्रह जुनी मंडळी धरतात. तुम्ही सांध्यावर लाकडाचा भुसा, विडीची थोटके आणि बाइंडिंग वायरचे तुकडे तसेच राहू द्या. वॉटर बार, म्हणजे सांध्यातून जाणारे पाणी अडवणारी पट्टी, ड्रॉइंगमध्ये सुबक दाखवा. तो शटरिंगच्या वेळी दुमडला गेला तर त्यात तुमची सही कोठेच नाही. मिक्सर हडपसरच्या कोंडीत अडकून आला आणि काँक्रीट घट्ट झाले, तर त्यात बादलीभर पाणी ओतू द्या. पाण्याचीच टाकी आहे, तिला पाण्याचे वावडे कसले? पाणी मारण्याच्या दिवसांत मात्र टँकरचा खर्च वाचवा आणि गोणपाट फोटोपुरते गुंडाळा.

शेवटी चाचणी. टाकी भरून सात दिवस काँक्रीटला पाणी शोषू द्यायचे आणि पुढचे सात दिवस बाहेरची बाजू कोरडी राहते का ते पाहायचे, असा नियम आहे. ही चाचणी जुलैतच ठेवा. त्या दिवसांत सिंहगड रस्त्यावर काहीच कोरडे नसते, त्यामुळे भिंतीवरची ओल पावसाची की टाकीची, हे ठरवायला कोणी शिडी चढत नाही. पुढे दिवाळीच्या सुमारास सांध्याखाली चुन्याचे पांढरे ओघळ दिसू लागले, तर योजनेचे नाव नेमके त्याच उंचीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या, आणि रंगही पांढराच निवडा.