‘सेनापतींची रद्दी’ म्हणालात, त्यावर

दादा, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, रशियन यादवीतल्या प्रादेशिक नोटा म्हणजे सेनापतींनी लुटीसाठी छापलेली रद्दी, लोकांनी त्या घ्यायलाच नको होत्या, आणि अफूच्या तारणाची गोष्ट कुणीतरी रचलेली. एक आधी मान्य करतो, मध्य आशियातल्या खिव्याच्या रेशमी नोटांना मी ‘शाही थाट’ म्हटलं ते चुकलंच. कागदाची टंचाई होती आणि रेशीम घरचं, म्हणून रेशमावर ठसे मारले. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय.

पण रद्दी नाही हो. १९१७ च्या क्रांतीनंतर पेत्रोग्राडहून, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गहून, स्टेट बँकेच्या लांबच्या शाखांना रोकड पोचेना, झारच्या जुन्या नोटा लोकांनी घरात दडवलेल्या, आणि पगार तर द्यायचेच होते! अर्खान्गेल्स्क काय, रोस्तोव्ह काय, तिथल्या नोटा स्टेट बँकेच्या शाखांनीच काढल्या. अर्खान्गेल्स्कच्या नोटेवर वॉलरस होता म्हणून लोक तिला ‘मोर्झोव्का’ म्हणायचे, म्हणजे हातोहात फिरत होती ना ती.

अफूचं म्हणाल तर वेर्नीच्या, म्हणजे आजच्या अल्माटीच्या, १९१८ च्या नोटांवरच छापलंय की बँकेत ठेवलेली अफू तारण आहे. सोनं नव्हतं, अफूला गिऱ्हाईक होतं, मग तीच ठेवली. तिकडे अश्गाबादला, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानात, ब्रिटिश मिशनच्या जनरल मॅलेसनने ५०० रुबलचे कागद काढले, तीन महिन्यांनी पैसे देतो असं लिहून, म्हणजे सरळ मुदती हुंडीच, आणि त्याच मिशनसोबत आपल्याकडची १९ वी पंजाबी पलटण लढत होती.

लूट झाली हे खरं, पण मला ती छापण्यापेक्षा रद्द करण्यात जास्त दिसते. ‘केरेन्की’ घ्या, म्हणजे १९१७ मधल्या केरेन्स्कीच्या हंगामी सरकारच्या नोटा, २० आणि ४० रुबलच्या, नंबर नाही, तारीख नाही, अख्खा ताव मिळायचा आणि लोक कात्रीने कापून घ्यायचे. चांगली नोट नव्हतीच ती. पण सायबेरियात रोजच्या बाजारात तीच चालायची आणि १९१९ मध्ये बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या कोल्चाकच्या सरकारने ती बाद केली. दक्षिणेत त्याच बाजूच्या सेनापती डेनिकिनच्या १००० च्या ‘कोलोकोल्चिकी’, घंटेचं चित्र असलेल्या, त्याचं सैन्य हरलं तशा मातीमोल झाल्या. घ्यायलाच नको होत्या असं तुम्ही म्हणता, पण ज्याला पीठ विकून संध्याकाळी रॉकेल आणायचंय त्याने समोरच्या गिऱ्हाइकाकडे दुसरं काय मागायचं होतं, सांगा.