सीएसके स्क्रूची ‘पाच गुपिते’ आणि उडालेले पत्रे

‘कारागीर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत अशी सेल्फ स्क्रूची पाच गुपिते’ या मथळ्याचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातली विधाने थोडक्यात अशी : सेल्फ टॅपिंग स्क्रू स्वतःच शिरतो, त्यामुळे आधी भोक पाडण्याची गरज नाही, सीएसके, म्हणजे वरून सपाट आणि खाली निमुळत्या डोक्याचा स्क्रू कोणत्याही पत्र्यात, अगदी छताच्या पत्र्यातही, लेव्हल बसतो, फक्त जाड बिटाने खड्डा मारावा, लाकडात निम्मा स्क्रू हातोडीने ठोकून घ्यावा, स्क्रूला साबण लावावा, आणि स्क्रू घ्यावा तर स्टेनलेसचाच. हा मजकूर चार गटांतून आला तेव्हा मी तो वाचून सोडून दिला. पण अहमदपूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या मावसभावांनी त्यावर विसंबून गोठ्याचे नवे पत्रे सीएसके स्क्रूने बसवले आणि मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी सुटलेल्या वाऱ्याने त्यांतले तीन पत्रे उचलून शेजारच्या रानात नेऊन टाकले. कडबा भिजला तो वेगळाच. म्हणून सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासूनच करतो.

मी गोठा पाहायला गेलो तेव्हा स्क्रू चौकोनी पाइपात जसेच्या तसे उभे होते. एकाचेही आटे सुटले नव्हते. पत्रा मात्र त्यांच्या डोक्यांवरून निघून गेला होता आणि त्यातल्या प्रत्येक भोकाचा काठ नखाने वाकावा इतका पातळ झाला होता. असे का झाले, हे समजण्यासाठी आयएसओ ७०५० हे या स्क्रूंचे आंतरराष्ट्रीय मानक पुरेसे आहे. त्यानुसार ४.८ मि.मी. जाडीच्या, म्हणजे दुकानात १० नंबर म्हणून मिळणाऱ्या, सीएसके स्क्रूचे डोके जास्तीत जास्त ९.३ मि.मी. रुंद आणि २.८ मि.मी. उंच असते व त्याच्या उताराचा कोन ९० अंश असतो. मावसभावांनी वापरलेला पत्रा अर्धा मि.मी. जाडीचा होता. एवढ्या पत्र्यात हे डोके लेव्हल बसवायचे तर भोक वरच्या बाजूला ९.३ आणि खालच्या बाजूला ८.३ मि.मी. करावे लागते, याचा अर्थ असा, की डोक्याखाली पत्र्याची जी कड उरते ती सर्व बाजूंनी जेमतेम अर्धा मि.मी. असते, आणि वाऱ्याचा सगळा उपसा तिने सोसावा अशी अपेक्षा आपण करत असतो. शिवाय डोक्याचा उरलेला भाग खालच्या पाइपावरच टेकतो, कारण पाइपात तेवढा खड्डा नसतो, आणि त्यामुळे पत्रा मुळात आवळलाच जात नाही.

त्यात मराठवाड्याचा उन्हाळा आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मि.मी. प्रसरण पावते, पहाटे २५ अंशांवर असलेला तीन मीटरचा पत्रा दुपारी ६५ अंशांपर्यंत तापला तर तो जवळपास दीड मि.मी. वाढतो. ही ये-जा रोज चालली की ती अर्ध्या मि.मी.ची कड आणखी खाल्ली जाते. छतासाठी षटकोनी डोक्याचा, रुंद कडेचा आणि खाली रबरी वॉशर असलेला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू असतो. तो दिसायला ओबडधोबड आहे, पण गोठ्याच्या छतावर लेव्हल पाहायला कोण चढणार आहे?

छताचे सोडले तरी नियम हाच राहतो. वरची वस्तू डोक्याच्या उंचीपेक्षा जाड असेल तरच काउंटर, म्हणजे डोके बसण्यासाठीचा उतरता खड्डा, मारावा. ८ नंबरच्या, म्हणजे ४.२ मि.मी. स्क्रूचे डोके २.६ मि.मी.पर्यंत उंच असते, त्यामुळे एक मि.मी.च्या पत्र्यावर एक तर पॅन हेड, म्हणजे खालून सपाट डोक्याचा स्क्रू, वापरावा किंवा पत्रा ठोकून खोलगट करून घ्यावा. खड्डा जाड बिटाने मारण्याचा सल्लाही चुकीचा आहे. साध्या ड्रिल बिटाचे टोक बहुधा ११८ अंशांचे असते. त्या पसरट खड्ड्यात ९० अंशांचे डोके फक्त तळाशी टेकते आणि त्याची वरची कड अधांतरी राहते. ९० अंशांचा काउंटरसिंक बिट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

‘भोक नको’ हे विधान नावाच्या गोंधळातून आले आहे. सेल्फ टॅपिंग स्क्रू आटे स्वतः पाडतो, भोक पाडत नाही. भोक स्वतः पाडतो तो सेल्फ ड्रिलिंग, ज्याच्या टोकाला बिटासारखी धार असते. ८ नंबरच्या स्क्रूसाठी एक मि.मी.च्या पत्र्यात सुमारे ३.२ मि.मी.चे भोक लागते, आणि पत्रा अडीच मि.मी.कडे गेला की ते ३.५ मि.मी.पर्यंत वाढवावे लागते.

हातोडीबद्दल फार लिहावे असे काही नाही. ठोकलेला स्क्रू लाकडाचे जे तंतू तोडत आत जातो, त्याच तंतूंना धरून तो पुढे टिकायचा असतो. ही सवय मात्र मजकुराने लावलेली नाही, आपल्याकडे ती आधीपासूनच आहे, हे मान्य करावे लागेल.

साबणाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, तेही नाइलाजाने कबूल करतो. सागवानात किंवा बाभळीत स्क्रू फिरवताना बुळबुळीतपणा उपयोगी पडतो. पण साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो, म्हणून त्याऐवजी मेणबत्ती घासावी. स्टेनलेसचेही तसेच आहे : ॲल्युमिनियमच्या खिडकीला आणि न्हाणीघरात तो योग्यच, पण नेहमीचा स्टेनलेस स्क्रू कडक केलेल्या लोखंडी स्क्रूइतका कठीण नसतो आणि लोखंडी पाइपात आटे पाडताना तो अडकतो किंवा पिळवटून तुटतो.

गोठ्याचे पत्रे आता नवी भोके पाडून, षटकोनी स्क्रू आणि वॉशर घालून बसवले आहेत आणि जुनी भोके बुजवली आहेत. पाइपातून काढलेले डबाभर सीएसके स्क्रू मावसभावांनी नव्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्यांसाठी ठेवले आहेत. बिजागरीच्या पानाला काउंटर मारलेला असतो आणि त्यामागे चौकटीचे लाकूड असते. डोके तिथे बसते की नाही, हे आधी एक स्क्रू हाताने ठेवून पाहा, एवढेच मी त्यांना सांगून आलो आहे.