सूचक मी, अनुमोदक तुम्ही

अभिनंदन! शाळा व्यवस्थापन समितीवर तुमची निवड झाली आहे.

कधी झाली हे आठवत नसेल तर आठवण करून देते. जूनमध्ये तुम्ही पोराला सोडायला फाटकापर्यंत गेलात, चिखलात गाडी वळवताना जरा वेळ लागला, तेवढ्यात सरांनी व्हरांड्यातून हाक मारली, "वहिनी, जरा आत येता का, एक सही पाहिजे होती." झाली निवडणूक. पालकसभा, चर्चा, नाव सुचवणं, टाळ्यांचा कडकडाट हे सगळं नंतर रजिस्टरात रीतसर झालं. तुम्ही तोवर दळण टाकून घरीसुद्धा पोचला होता.

तर आता तुम्ही साधे पालक राहिला नाहीत. शाळेच्या विकासातले भागीदार झालात. मला या भागीदारीचं दुसरं वर्ष आहे. पोरगी तिसरीत, शाळा सातारा जिल्ह्यातली, चौथीपर्यंतची, पट सत्तेचाळीस, शिक्षक दोन. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. नव्या सदस्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगते. कायदा वगैरे वाचत बसू नका, डोळे खराब होतात.

सभेची सूचना ग्रुपवर येते, आदल्या रात्री पावणेदहाला. वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, खाली कुणाचा तरी हरवलेला बैल, मध्ये 'उद्या ठीक ११ वा. सभा, सर्वांची उपस्थिती प्रार्थनीय'. अकरा ही वेळ फार विचार करून काढलेली आहे. त्या वेळेला नोकरीवाला कामावर असतो, बाया आलं काढायला रानात असतात आणि ज्यांना काहीच काम नाही ते पारावर असतात. पारावरचे येतात. कोरम होतो.

तुम्ही बाई असाल तर तुमच्याऐवजी मिस्टर आले तरी चालतं. मिस्टर सदस्य असतील तर मात्र तुम्ही गेलेलं चालत नाही.

बसायची जागा बघून घ्या. खुर्च्या पुढं असतात, त्या समितीत नसलेल्या मान्यवरांना. समितीतल्या निम्म्या जागा बायकांना द्यायच्या असं कायद्यात आहे, आणि त्या दिलेल्याच आहेत: मागं, सतरंजीवर, दाराजवळ, म्हणजे चहा आणायला उठायला बरं पडतं.

समित्यांची नावं पाठ करू नका. व्यवस्थापन समिती, शिक्षक-पालक संघ, माता-पालक संघ, पोषण आहाराची, वाहतुकीची, मुलींच्या सुरक्षेची सखी सावित्री... अशा ढीगभर होत्या, २०२५ ला त्यातल्या बऱ्याच एकत्र केल्या. माणसं तीच असतात, रजिस्टर बदलतं.

प्रश्न विचारायला हरकत नाही, फक्त कुठले विचारायचे ते कळलं पाहिजे. गॅदरिंगला मंडप कुणाचा, सव्वीस जानेवारीला बुंदी की जिलेबी, कमानीला रंग गुलाबी की आकाशी, यावर दीड तास बोलला तरी तुम्हाला 'जागरूक पालक' म्हणतील. पोरं वाचतात का, हे तेवढं विचारू नका. मागच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका आजींनी विचारलं होतं. मुलगा-सून मुंबईला, तो माथाडीत, नातू आजीपाशी. आजी म्हणाल्या, "सर, आमचं पोरगं वाचतंय का?" सर म्हणाले, "आजी, निपुणमध्ये आपली शाळा केंद्रात पुढं आहे." (निपुण म्हणजे पोरांना वाचता-मोजता यावं म्हणून काढलेली सरकारी मोहीम, केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट.) आजी म्हणाल्या, "असू दे की पुढं. माझं पोरगं वाचतंय का?" सभेत शांतता. मग सरांनी समजुतीच्या आवाजात सांगितलं, "घरी जरा अभ्यास घेत जा त्याचा." ज्या बाईचा आयुष्यभराचा अंगठा त्यांच्याच रजिस्टरात आहे, तिला. आजींनी पदर सारखा केला आणि गप्प बसल्या. शिक्षकानं पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, त्याला काय येतं, तो कुठवर आलाय हे सांगायचं, असं शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. आजींना ते ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त नातवाचं विचारायचं होतं.

असो. उपरोधिक लिहायला बसलेय, विसरायला नको.

फोटोला उभं राहताना हसरा चेहरा ठेवा, तो ॲपवर जायचा असतो.

लोकसहभाग हा शब्द ऐकू आला की पाकीट चाचपा. पालकांचा सहभाग म्हणजे पंखा, रंगाचा डबा, स्मार्ट टीव्ही आणि श्रमदानाच्या दिवशी खराटा. डोकं चालवून सहभाग घेण्याची सोय अजून झालेली नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बघायला एके काळी राज्यभरातून शिक्षक गाड्या भरून यायचे, पोरं स्वतः करून कशी शिकतात ते बघायला. आमच्याही शाळेनं त्यातलं घेण्यासारखं होतं ते घेतलं. फरशी रंगवली. वर्गणी काढून, पिवळी-निळी, अंकांची सापशिडी, बाराखडीची चक्रं. छान दिसते. आता तिच्यावर तांदळाची पोती असतात.

गणवेशाचं काही विचारूच नका. २०२४ ला समितीच्या हातून काढून घेतला, सगळ्या राज्याला एकच कापड म्हणून. पोरांनी अर्धं वर्ष जुन्या चड्ड्यांवर काढलं, मग परत समितीच्या गळ्यात.

आता मुख्य गोष्ट. सही.

सही ही भागीदारीची किल्ली आहे. सही कोऱ्या पानावर करावी. वर मजकूर असला की उगाच वाचावासा वाटतो, वेळ जातो, सरांना पंचायत समितीत पोचायचं असतं. काही वेळा रजिस्टर पोराच्या दप्तरातून घरी येतं, तर भाकरी थापता थापता पीठ पुसून करून टाकावी. मी केल्यात. एकदा नव्हे, मोजल्या तर सहा-सात भरतील. मी दिवसभर काउंटरवर बसून लोकांच्या सह्या पडताळते. पाचशे रुपयांच्या विड्रॉल स्लिपवर वेलांटी जरा वेगळी दिसली तर सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला "आजोबा, परत करा" म्हणते. आणि पोरीच्या शाळेच्या कोऱ्या पानावर डोळे झाकून सही करते, कारण सर चांगले आहेत, ओळखीचे आहेत, आणि उगीच कशाला.

तर परवाच्या मंगळवारी मी सभेला गेले. अर्धी रजा टाकून. सर आलेले नव्हते, कसलीतरी माहिती तातडीनं भरायला बोलावलं होतं म्हणे. दुसऱ्या बाईंकडे चारही वर्ग एकत्र बसलेले. टेबलावर प्रोसिडिंगचं, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायचं रजिस्टर होतं, पंखा फिरत होता, पानं फडफडत होती. मी आपलं पान दाबून धरलं आणि वाचायला लागले.

ठराव क्रमांक ५. 'मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती पूर्ण झाली असून तेथे पाण्याची मुबलक सोय करण्यात आली आहे. याबाबत समितीने समाधान व्यक्त केले. ठराव सर्वानुमते मंजूर.'

सूचक म्हणून माझं नाव.

तारीख बघितली. त्या दिवशी मी कऱ्हाडला होते, नणंदेच्या मुलीच्या सुपारीला, दिवसभर. अनुमोदक म्हणून ज्यांचं नाव, ते आमच्याच आळीतले. दोन वर्षं झाली कोपरखैरण्याला आहेत, गावाला जत्रेपुरते येतात. म्हणजे मी कऱ्हाडात, ते नवी मुंबईत, आणि आम्हा दोघांचं मुलींच्या संडासाबद्दल एकाच वेळी समाधान झालं. खाली माझी सही. खोटी असती तर बरं झालं असतं. माझीच आहे. वेलांटीसकट.

त्या स्वच्छतागृहाची तोटी दिवाळीच्या सुट्टीत तुटली. नंतर कुणी बसवली नाही, दाराला कुलूप लागलं, किल्ली स्वयंपाकाच्या मावशींकडं. पोरींनी मावशींना मागायची, मावशी भात टाकत असल्या तर थांबायचं, मग बादली भरून न्यायची. माझी पोरगी पाण्याची बाटली रोज भरलेली परत आणते. मी तिला ओरडायचे, पाणी पीत नाहीस म्हणून. एक दिवस म्हणाली, "पाणी प्यायलं की जायला लागतं ना." आठ वर्षांची पोर आहे. शाळा सुटेपर्यंत तहान मारते. आणि तिची आई समाधान व्यक्त करते, सर्वानुमते!

पैसे नाहीत म्हणाल तर पैशाचंही सांगते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला किरकोळ खर्चासाठी संयुक्त अनुदान असतं. पट तीसपर्यंत असला तर वर्षाला १०,०००, शंभरपर्यंत असला तर २५,०००. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे असा नियम आहे. आमच्या पटाला २,५०० होतात. प्लॅस्टिकची तोटी शंभरच्या आत येते. अनुदान उशिरा येतं, कापून येतं, मान्य. पण कमानीला आकाशी रंग लागला तो काय आकाशातून आला?

हे मी सरांना विचारलं. साडेबाराला आले, घामाघूम. काय म्हणावेत? "वहिनी, तपासणी होती. ते तसं लिहायलाच लागतं. तुम्ही मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका!

ठीक आहे, झाली थट्टा. आता सरळच बोलते.

सर, तुम्ही वाईट माणूस नाही. चार वर्ग दोघांत ओढता, वर मतदार याद्या, ॲप, लिंक, 'आजच्या आज माहिती पाठवा', हे सगळं मी बघते. पण म्हणूनच समिती आहे ना? तीन चतुर्थांश पालक, अध्यक्ष पालकांतलाच, शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, अनुदान कुठं गेलं बघायचं, तीन वर्षांचा विकास आराखडा बसून करायचा. हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आणि त्याच्या नियमांत आहे, आमच्या मनातलं नाही. आमच्यातले एक गवंडी आहेत, एक पाइपलाइनचं काम करतात, एकीचं शिलाई मशीन आहे, मी हिशेब ठेवते. तुम्ही एकदा जरी म्हणाला असता, "तोटी तुटलीय, कोण बसवेल?" तर संध्याकाळच्या आत बसली असती. तुम्ही ते विचारलं नाहीत. तोटीपेक्षा ठराव सोपा वाटला तुम्हाला. तुमचं वरच्यांना खोटं, वरच्यांचं त्यांच्या वरच्यांना खोटं, आणि सगळ्या खोट्याखाली आमच्या खऱ्या सह्या.

आणि तुम्ही. हो, तुम्हीच, हे वाचून 'अगदी बरोबर ताई' म्हणणारे. तुमच्या शाळेचं प्रोसिडिंग शेवटचं कधी वाचलंत? २२ सप्टेंबरला कर्मवीरांचा फोटो स्टेटसला ठेवता ना? त्याच भाऊराव पाटलांनी १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा अनुदान कुठलं होतं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, बोर्डिंगातल्या पोरांना जेवायला मिळावं म्हणून. मुष्टिफंडासाठी गावोगावच्या बाया दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या. स्वतःला अक्षर येत नसलेल्या बाया. परक्यांच्या पोरांसाठी. आणि आपल्याला आपल्याच पोरीच्या संडासाची तोटी बघायला वेळ नाही. सभा म्हटली की 'तुम्हीच जा', 'आमचं काय चालतंय तिथं', 'सर दुखावतील'. परवडलं की तालुक्याच्या इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी दारात आणायची आणि मग पारावर बसून म्हणायचं, मराठी शाळा बंद पडायला लागल्या हो. पट वीसच्या आत गेला की मग रडायला येणार सगळे. मीही त्यातलीच. सात सह्या केल्यात मी, न वाचता. माझ्यावर राग आहे तो सगळ्यात जास्त.

त्या ठरावाखाली मी त्याच दिवशी लिहून आले, 'सदर सभेस मी उपस्थित नव्हते. स्वच्छतागृहात पाणी नाही.' तारीख घातली, सही केली. रात्री अध्यक्षांचा फोन आला, "वहिनी, रजिस्टर खराब केलंत."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तोटी घेऊन जाणार आहे. पाइपलाइनवाले येतो म्हणालेत, मावशींनी किल्ली द्यायचं कबूल केलंय. आजींनाही घेऊन जाणार आहे. बाईंना सांगून ठेवलंय की नातवाला पुस्तक घेऊन थांबवा, आजींसमोर एक पान वाचू दे.