तो घेर वस्त्राचा आहे

चित्रकार यान व्हान आयक यांनी १४३४ साली ओकच्या फळीवर तैलरंगात रंगवलेले अर्नोल्फिनी दाम्पत्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याविषयी एक कथा सतत फिरत असते: हिरव्या झग्यातील स्त्री गर्भार आहे, अब्रू राखण्यासाठी घाईने लग्न लावले जात आहे आणि म्हणूनच दोघांचे चेहरे उतरलेले आहेत.

या कथेचा मुख्य आधार पोटाचा उठाव हा आहे. झगा जमिनीवर लोळेल इतका लांब आहे, आणि त्या स्त्रीने ओचा धरावा तसा त्याचा घोळ डाव्या हाताने पोटाशी उचलून धरला आहे. शिवाय पट्टा छातीलगत बांधल्यामुळे खालचे सगळे कापड पुढे फुगते. याच चित्रकाराच्या १४३७ मधील, ड्रेस्डेन येथील त्रिपट चित्रात संत कॅथरीनचे पोटही असेच पुढे आलेले दिसते, आणि ती तर कुमारिका म्हणून पूजली जाणारी संत आहे.

हा विवाहविधी असल्याचे मत कलेतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्की यांनी १९३४ मध्ये मांडले होते, हे खरे. परंतु घाईचा त्यात संबंध नव्हता. शिवाय अविवाहित मुली केस मोकळे ठेवत, आणि हिचे केस विवाहितेप्रमाणे बांधून शुभ्र झालरीच्या वस्त्राने झाकलेले आहेत.

उदासपणाचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, कारण फोटोसाठी हसण्याची आपली सवय आपण पंधराव्या शतकातील माणसांवर लादतो. व्हान आयक यांनी १४३९ मध्ये स्वतःच्या पत्नीचे, मार्गारेटचे, व्यक्तिचित्र रंगवले. ते बेल्जियममधील ब्रुज येथे आहे आणि तिचेही ओठ घट्ट मिटलेले आहेत. भाव शोधायचाच असेल तर हात पाहावेत: हिरव्या झग्यातील स्त्रीचा उजवा तळहात तिच्या पतीच्या डाव्या हातात सैल, निर्धास्त विसावला आहे. मागच्या गोल आरशात दारातून येणाऱ्या दोन व्यक्ती दिसतात, त्यामुळे त्याचा वर उचललेला उजवा हात पाहुण्यांच्या स्वागताचाही असू शकतो.

त्याच्या काळपट पोशाखावरून शोक वाचणारेही आहेत. पण अर्नोल्फिनी हे इटलीतील लुक्काहून ब्रुजला आलेले व्यापारी घराणे. खिडकीपाशी ठेवलेली संत्री दूर दक्षिणेकडून आणावी लागत. बाहेर चेरीच्या झाडाला फळे धरली आहेत, म्हणजे दिवस उन्हाळ्याचे आहेत, तरीही दोघांनी फर लावलेली जड वस्त्रे अंगावर घेतली आहेत, ती ऐपत दिसावी म्हणून.